सोडायला कोण जाणार?

बुलढाण्यात कुणी परदेशी निघालं की घरात पहिली बैठक बसते ती तिकिटासाठी नसते. तिकीट पोरांनी तिकडूनच काढलेलं असतं. बैठक बसते ती सोडायला कोण जाणार यासाठी. जाणारे दोन, सोडणारे सात. गाडी कुणाची, चालवणार कोण, रात्री निघायचं की पहाटे आणि वाटेत शिर्डीला दर्शन उरकायचं का, इथपर्यंत चर्चा जाते. चहाच्या दोन फेऱ्या होतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत अशीच एक बैठक झाली. निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी जर्मनीत कोलोनला निघाले होते. आम्ही त्यांना सर आणि काकू म्हणतो. लेकीचं बाळंतपण होतं, त्यामुळे विमान चुकलं तर पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणायची सोय नव्हती. सरांच्या पुतण्याचं कृषी सेवा केंद्र आहे, दारात नवी सात सीटांची गाडी आहे आणि वय तिशीच्या आत आहे. त्यानं विषय मिटवूनच टाकला होता.

"काका, समृद्धीनं सात-आठ घंट्यात नेऊन सोडतो तुमाले."

सरांनी चष्मा काढून पुसला. "अन् तू परत कवा येशीन?"

"रातच्या रात येतो. सकाळी दुकान उघडा लागते ना."

"मंग आमी रेल्वेनं जातो," सर म्हणाले.

बैठक गप्प झाली. दारात गाडी उभी असताना रेल्वेनं विमानतळ गाठायचा, हे आमच्याकडे जरा कमीपणाचं समजतात. विमानानं जाणारा माणूस मलकापूरच्या फलाटावर बॅगांवर बसलाय, हे चित्र लोकांच्या मनात बसत नाही. पुतण्याचं तोंड उतरलं. मी सरांची बाजू घेतली, आणि म्हणूनच मुंबईच्या विमानतळापर्यंत त्यांच्यासोबत जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला तेच हवं होतं. या विषयावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

बुलढाणा म्हणजे रेल्वे नसलेलं जिल्ह्याचं ठिकाण. शहर वर घाटावर, आणि लोहमार्ग खाली पूर्णेच्या सपाटीत, जिल्ह्याच्या उत्तर अंगाला. भुसावळहून नागपूरकडे जाणारा मुख्य मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा आपल्या जिल्ह्यातून जातो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं तो 1867 मध्ये नागपूरपर्यंत नेला. बाकी चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा हा सगळा घाटावरचा मुलूख आजही रुळाविना आहे. तेरा तालुक्यांपैकी चार-पाच तालुक्यांतच रेल्वेची शिट्टी ऐकू येते.

एक फाटा तेवढा आहे, जलंब ते खामगाव, तेरा-एक किलोमीटरचा. खामगावचा कापूस मुंबईच्या गोदीत लवकर पोचावा म्हणून तो घातला, आणि 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला होता. कापसाच्या गाठींसाठी व्हाइसरॉय येतो, हा त्या काळच्या खामगावच्या बाजारपेठेचा रुबाब. त्यानंतर हा फाटा पुढे चिखली, देऊळगाव राजावरून जालन्याला जोडा, ही मागणी शंभरावर वर्षं चालू आहे. सर्वेक्षणं झाली, आंदोलनं झाली, निवडणुकांच्या भाषणांत तर ती रेल्वे कितीदा तरी धावली. सुमारे 160 किलोमीटरचं हे काम आहे. विमानतळाच्या लेखात ही रेल्वे मध्येच कुठून आली, असं कुणी विचारील. तर बुलढाण्याहून सर्वांत सोयीचा मोठा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा, रस्त्यानं सुमारे दीडशे किलोमीटर. त्या विमानतळाजवळ चिकलठाणा नावाचं रेल्वे स्टेशनही आहे, जालना–संभाजीनगर मार्गावर. खामगाव–जालना रूळ पडले असते तर चिखलीच्या माणसाला घाटावरून न उतरता थेट विमानतळाच्या जवळ उतरता आलं असतं.

पण ते जेव्हा होईल तेव्हा. आज काय काय हाताशी आहे ते पाहू.

अकोल्याला शिवणीत धावपट्टी आहे, इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात 1943 मध्ये बांधलेली. तिच्या विस्ताराच्या बातम्या वाचत आमची एक पिढी म्हातारी झाली. रोजचं प्रवासी विमान तिथं नाही. अमरावतीचा बेलोरा विमानतळ मात्र 16 एप्रिल 2025 ला सुरू झाला आणि मुंबईचं विमान उडालं. बडनेरा स्टेशनवर उतरून तिथं जाता येतं, शेगाव-नांदुऱ्याच्या माणसाला ते विचार करण्यासारखं आहे. जळगावचं विशेष असं की, मलकापूरहून रेल्वेनं तासा-सव्वा तासात जळगाव येतं, आणि कुसुंब्याचा विमानतळ स्टेशनहून रिक्षाच्या अंतरावर. हा विमानतळ 2012 मध्ये तयार झाला, पण तिथून नियमित प्रवासी विमान उडायला 2017 चा डिसेंबर उजाडावा लागला, 'उडान' योजना येईपर्यंत. मध्ये सेवा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. 2024 पासून गोवा, हैदराबाद, पुणे अशी छोटी पंख्याची विमानं जायला लागली. ही वेळापत्रकं हंगामासारखी बदलतात, तेव्हा आधी खात्री करून मगच भरवसा ठेवावा. नागपूरला तर रेल्वे स्टेशनहून मेट्रोनं निघून सीताबर्डीला बदललं की थेट 'एअरपोर्ट' नावाचंच स्थानक आहे. आखाती देशांत जाणाऱ्या शेगावच्या माणसानं मुंबईच्या आधी नागपूर बघावं, तिथून दोहा-शारजाची विमानं असतात.

युरोपला मात्र मुंबईच. आणि मुंबईला समृद्धी महामार्ग असताना रेल्वे कशाला, हा पुतण्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा पहिला 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. एकूण 701 किलोमीटर. आपल्या जिल्ह्यातल्या चार तालुक्यांतून तो गेला आहे. पूर्वी कसाऱ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला की विमान गेलंच समजायचं. माझ्या एका मेव्हण्याचं विमान असंच भिवंडीच्या बायपासवर चुकलं. तो गाडीतून आकाशाकडे बघत बसला होता, आणि सोडायला आलेल्या सात जणांपैकी पाच जण झोपले होते. समृद्धीनं ते दिवस पुष्कळसे संपवले, हे कबूल केलंच पाहिजे.

सरांचा मुद्दा वेगळा होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. विमानतळाला गाडीनं जाण्याचा हिशेब आपण अर्धाच करतो. जाणारे दोघं मुंबई विमानतळाच्या टी-2 टर्मिनलच्या दारात उतरतात, आत जातात, बॅगा देतात, विमानात पांघरूण घेऊन झोपतात. त्यांचा प्रवास सुरू झाला. पण गाडीचा अजून अर्धा बाकीच असतो. रात्री दहाला ज्यानं त्यांना उतरवलं, तो मरोळच्या एखाद्या हॉटेलात पावभाजी खातो आणि परत फिरतो. दिवसभरात साडेचारशे किलोमीटर आधीच झालेले, आता तेवढेच पुन्हा. रस्ता सरळ, रिकामा, वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही. शेजारच्या सीटवर गप्पा मारायला होते ते काका-काकू आता विमानात. रात्री दोन ते चार ही वेळ त्याला नेमकी आपल्या जिल्ह्याच्या अलीकडे-पलीकडे गाठते.

1 जुलै 2023 ला मध्यरात्र उलटून गेल्यावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. 25 माणसं गेली. त्या रात्रीनंतर आमच्या जिल्ह्यात समृद्धीचं नाव काढलं की म्हातारी माणसं एक क्षण थांबून बोलतात. सर त्यांतलेच. त्यांनी पुतण्याला हे काही सांगितलं नाही. नुसतं "परत कवा येशीन" एवढंच विचारलं.

रेल्वेत धोका नाही असं म्हणायचा माझा हेतू नाही. जानेवारी 2025 मध्ये याच मार्गावर पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेनं डब्यातून उतरलेल्या माणसांवर समोरून येणारी गाडी गेली, ते कुणी विसरलेलं नाही. पण रेल्वेत गाडी चालवणारा घरचा पोरगा नसतो, आणि त्याला सकाळी दुकानही उघडायचं नसतं.

काकूंचं कारण आणखी साधं होतं. "मोटारीत पाय लोंबून लोंबून सुजतात. रेल्वेत आडवं तरी होता येते."

आता तिकिटाचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याआधी ते एकशे वीस दिवस होतं. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उलटे साठ दिवस मोजले, त्या तारखेभोवती लाल गोल केला आणि त्या दिवशी सकाळी आठला अंघोळ करून मोबाइल घेऊन बसले. थ्री टियर एसीचे दोन खालचे बर्थ मिळाले. माणशी हजाराच्या आत. गाडीचा हिशेब पुतण्याच्या मित्रानं सांगितला होता तो चौदा हजारांचा, टोल वेगळा, कारण भाड्याची गाडी रिकामी परत आली तरी ते किलोमीटर आपल्याच माथी असतात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. एसटीत काकूंना अर्धं तिकीट आणि रेल्वेत पूर्ण, यावर सरांनी एक छोटं भाषण दिलं. ते इथं छापण्यासारखं नाही.

कोणती गाडी धरायची, यात खरी गोम आहे. मलकापूरहून मुंबईला जायला गाड्यांची वाण नाही, पण त्यांतल्या बऱ्याच हावड्याहून किंवा आणखी लांबून येतात. चौदाशे-पंधराशे किलोमीटर तुडवत आलेली गाडी मलकापूरला किती वाजता येईल, हे ती गाडीही सांगू शकत नाही. सरांनी घेतली अमरावती–मुंबई, जिला लोक अंबा एक्स्प्रेस म्हणतात. ती संध्याकाळी सातच्या सुमारास अमरावतीहून निघते आणि रात्री दहाच्या आसपास मलकापूरला येते. निघाल्यापासून तीन तासांत आपल्याकडे पोचणाऱ्या गाडीला उशीर व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला संपते, म्हणजे उतरायचं स्टेशन झोपेत निघून जायची भीती नाही. विमान गाठायचं असेल तर जवळून सुटणारी गाडी घ्यावी, जिथं संपते तिथं उतरावं, आणि विमानाच्या तारखेच्या आदल्या रात्री निघावं. हे तिन्ही सरांनी शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं.

विमान रात्री एकनंतरचं होतं. युरोपकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतरच उडतात, म्हणजे तिकडे सकाळी उतरून पुढची जोडणी मिळते. म्हणजे आमच्या हातात मुंबईतला एक अख्खा दिवस होता. रेल्वे दिवस खाते, हे खरंच आहे. मोटारीनं नऊ तासांत जे होतं त्याला आम्हाला दारापासून दारापर्यंत चोवीस तासांहून जास्त लागले. ज्याला रजा मोजून मिळते त्यानं याचा विचार करावा.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा पुतण्याच्या दुकानात नेल्या. जिथं खताची पोती मोजतात त्या काट्यावर त्या चढल्या. माणशी 23 किलोची एक, शिवाय पैसे भरून घेतलेली एक जादा, आणि हातातल्या आठ-आठ किलोच्या दोन. डिंक, खारीक, हळीव, सुंठ, बाळंतशोपा, ज्वारीचं पीठ, कुरडया, बिबड्या, आणि बाळासाठी जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. पहिल्यांदा एक बॅग चोवीस किलो सहाशे भरली. दीड किलोच्या बिबड्या काढल्या, काकू रुसल्या, मग सरांचं लोकरी जॅकेट काढून अंगात घालायचं ठरलं आणि बिबड्या परत आत गेल्या. एकूण 85 किलो. थ्री टियर एसीत माणशी चाळीस किलो सामान मोफत नेता येतं, म्हणजे दोघांचे ऐंशी. पाच किलो आम्ही रेल्वेच्या कायद्याबाहेर होतो, आणि सरांना याची खरोखर टोचणी लागली होती. माझी बॅग रिकामी होती, तिच्यात सहा किलो हलवलं तेव्हा ते झोपले.

आणखी एक गोष्ट सरांनी आधी पाहून ठेवली होती. हल्ली विमानासाठी लोक कडक कवचाच्या मोठ्या बॅगा घेतात. त्या बर्थखाली जात नाहीत. मग त्या वाटेत उभ्या राहतात आणि रात्रभर येणारा-जाणारा त्यांना अडखळून शिव्या देतो. सरांनी मऊ कापडी बॅगा घेतल्या, दाबल्या की आत सरकणाऱ्या.

रात्री आठला पुतण्याच्या गाडीनं निघालो. राजूरचा घाट उतरताना खाली मोताळ्याकडचे दिवे दिसले. बुलढाणा ते मलकापूर पंचेचाळीस-एक किलोमीटर, तासाभराचा रस्ता. मलकापूरला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. सोडायला आलेले सात नव्हते, चारच होते, पण त्यांनी आणलेल्या डब्यांत सातांचं जेवण होतं.

मलकापूरला गाडी दोन मिनिटं थांबते. सगळ्या प्रवासातला अवघड भाग म्हणजे ही दोन मिनिटं. विमानतळाच्या रांगा, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, हे सगळं या दोन मिनिटांपुढे काहीच नाही. फलाटावर डब्यांचे आकडे लागले होते, त्याप्रमाणे आमचा डबा जिथं यायचा तिथं बॅगा रांगेत लावल्या. पुतण्यानं क्रम ठरवला: आधी काकू, मग मोठ्या बॅगा, मग सर, शेवटी मी आणि खाण्याची पिशवी. गाडी आली, सात मिनिटं उशिरा, आणि आमचा डबा आमच्यापासून पंधरा पावलं पुढे जाऊन थांबला. सगळा क्रम मोडला. काकू पळाल्या, मी पळालो, पुतण्या दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन पळाला. दारात पुण्या-मुंबईकडे शिकणारी दोन पोरं उभी होती, त्यांनी काही न विचारता बॅगा वर ओढल्या. 23 किलोची बॅग डब्याच्या पायऱ्यांवरून उचलणं काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. चाकं तिथं कामाची नसतात. पुतण्या बॅगा बर्थखाली सरकवायला आत घुसला आणि नेमका तेव्हा गार्डचा हिरवा दिवा दिसला. काकू दारातून ओरडल्या, "आधी उतर रे बाप्पा! बॅगा पाहू आमी!" तो उतरला. मग गाडी हलली. काकूंनी खिडकीच्या काळ्या काचेतून हात हलवला. बाहेरच्याला तो दिसत नाही, हे त्यांना नंतर सांगितलं.

बोदवड येईपर्यंत सरांनी तिकिटं दोनदा तपासली. भुसावळला चहा घेतला. नंतर मला काही आठवत नाही, कारण मी झोपलो. कसाऱ्याचा घाट आम्ही तिघांनीही झोपेत उतरला.

सकाळी सातच्या आत मुंबई आली. सरांनी याच तिकिटाच्या पीएनआरवर स्टेशनातली रिटायरिंग रूम घेऊन ठेवली होती. ही सोय रेल्वेत फार जुनी आहे आणि ती ऑनलाइन मिळते, पण आमच्याकडे दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसते. बॅगा ठेवल्या, अंघोळी झाल्या, डबे उघडले. काकू दुपारपर्यंत निजल्या. सर आणि मी बाहेर जाऊन टर्मिनसची इमारत बघत उभे राहिलो. शाळेची सहल घेऊन आलो होतो तेव्हा पोरं मोजण्यात इमारत बघायचीच राहिली, असं ते म्हणाले.

रात्री साडेआठला आम्ही मेट्रोत बसलो. मुंबई बदलली ती इथं. पूर्वी आपल्याकडचा माणूस दादरला उतरायचा, बॅगा घेऊन पुलावरून पश्चिम रेल्वेवर जायचा, लोकलमध्ये कोंबला जायचा आणि अंधेरीला रिक्षा शोधायचा. नाही तर टॅक्सीवाला सांगेल ते द्यायचा. 8 ऑक्टोबर 2025 ला मेट्रो 3 च्या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि कफ परेडपासून आरेपर्यंतचा 33.5 किलोमीटरचा भुयारी मार्ग पूर्ण झाला. त्यावर 27 स्थानकं आहेत. त्यांत शिवाजी महाराज टर्मिनस आहे, आणि विमानतळाची टी-1 व टी-2 ही दोन्हीही आहेत. म्हणजे मलकापूरला गाडीत चढलेला माणूस एकदाच बदलून विमानाच्या दारात पोचतो. भाडं दहा ते सत्तर रुपयांत. पहिली गाडी सकाळी सहाच्या आत आणि शेवटची साडेदहाला. रात्री उशिराच्या विमानासाठी हे साडेदहा ध्यानात ठेवायचं. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत. आमच्या तीन मोठ्या बॅगा घेऊन डब्यात शिरलो तेव्हा एका मुलीनं उठून काकूंना जागा दिली. पाऊण तासाच्या आत टी-2. काकूंनी वर येऊन विचारलं, "झालं?" त्यांना वाटलं होतं अजून मुंबई बाकी आहे.

त्याच 8 ऑक्टोबरला नवी मुंबईच्या विमानतळाचंही उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तुमचं तिकीट तिथलं असेल तर हा सगळा बेत बदला. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकलनं पुढे जा, उरण मार्गावरचं तरघर हे त्या विमानतळाजवळचं स्थानक. तिकिटावर कोणता विमानतळ छापलाय हे चष्मा लावून वाचा. यापुढे ही गफलत होणारच आहे.

दारातच सरांनी मला लेकीनं पाठवलेलं तिकीट दाखवलं. मुंबई ते फ्रँकफुर्ट विमान. त्याखाली फ्रँकफुर्ट ते कोलोन, त्यालाही विमानासारखाच नंबर, पण ती आगगाडी. फ्रँकफुर्ट विमानतळालाच लागून लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, 1999 पासून. लुफ्तान्साचा नंबर लावलेली आयसीई गाडी तासाभरात कोलोनला नेते. विमान उशिरा आलं आणि ती गाडी चुकली तर पुढच्या गाडीत बसवायची जबाबदारी विमान कंपनीची. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या गोष्टी ऐकून मोठे झालेल्यांनी जास्त भारावून जाऊ नये. 2024 मध्ये तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर पोचल्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून. त्यांच्या गाड्याही रखडतात. फरक एवढाच की रखडल्यावर प्रवाशाचं काय करायचं, हे तिकिटातच लिहिलेलं आहे.

आपल्याकडे रेल्वेचं तिकीट आणि विमानाचं तिकीट एकमेकांना ओळखत नाहीत. अंबा एक्स्प्रेस इगतपुरीला चार तास उभी राहिली असती तर विमान कंपनीनं सरांना एवढंच सांगितलं असतं की तुम्ही आला नाहीत. म्हणूनच तो एक दिवस हाताशी ठेवावा लागतो. आपण तो मुंबई बघायला ठेवत नाही, रेल्वेच्या भरवशाच्या बदल्यात भरतो. मला तरी ही किंमत पटते. पण रेल्वे मंत्रालयानं आणि विमान कंपन्यांनी मनावर घेतलं तर ती कमी करता येईल. मलकापूर, शेगाव, अकोला ही नावं विमानाच्या तिकिटावर यायला धावपट्टी लागत नाही. आणि तोवर, निदान मलकापूरचा थांबा दोन मिनिटांवरून पाच करावा, एवढं तरी मागणं आहे. तीन मिनिटांनी मुंबईला काही फरक पडणार नाही.

सर आणि काकू दुसऱ्या दिवशी दुपारी कोलोनला पोचले. कोलोनची गाडी वीस मिनिटं उशिरा होती. बिबड्या एकही मोडली नाही.

आणि पुतण्या? आम्हाला मलकापूरला सोडून तो राजूरचा घाट चढला, पावणेबाराला त्यानं गाडी घरासमोर लावली, आईनं ठेवलेलं दूध प्यायला आणि झोपला. सकाळी नऊला त्याचं दुकान उघडं होतं.